महदवी निजामशाही: दोन वर्षांचे राज्य आणि एक बंदुकीची गोळी

जमालखानाविषयी आज जे काही वाचायला मिळते, त्यातले बहुतेक सगळे त्याच्या शत्रूंनी लिहिलेले आहे. १५८९ च्या उन्हाळ्यापासून १५९१ च्या उन्हाळ्यापर्यंत अहमदनगरची निजामशाही या माणसाच्या मुठीत होती. गादीवर बारा वर्षांचा इस्माईल निजामशहा होता, हुकूम जमालखानाचा चाले. जमालखान महदवी होता. सुन्नी उलेमा ज्यांना पाखंडी ठरवत आणि शिया विद्वानही ज्यांना जवळ करत नसत, असा हा पंथ. हिंदुस्थानात ठिकठिकाणी फटके, हद्दपारी आणि फतवे सोसलेल्या या पंथाच्या हाती एक अख्खे राज्य आले ते याच भूमीवर, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात. आपल्या शालेय इतिहासात तालिकोटची लढाई झाली की एकदम चांदबिबी येते. मधली ही दोन वर्षे एखाद्या ओळीत उरकली जातात. ती इतकी स्वस्तात उरकण्यासारखी नाहीत.

मुख्य साक्षीदार दोन. पहिला मुहम्मद कासिम हिंदुशाह, म्हणजे फरिश्ता. अस्तराबादेत जन्मलेला, बापाबरोबर लहानपणीच अहमदनगरला आलेला. त्याचा बाप शहजादा मीरान हुसेन याचा शिक्षक होता, तेव्हा राजपुत्र आणि इतिहासकार एकाच गुरूपाशी शिकले. पुढे फरिश्ता विजापूरला गेला, इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या सैन्यातून जमालखानाविरुद्ध लढला, जखमी झाला, जमालखानाच्या कैदेत सापडला आणि निसटला. ज्याच्या तावडीतून आपण जीव घेऊन पळालो, त्याच माणसाच्या कारकिर्दीचा इतिहास त्याने नंतर लिहिला, हे त्याचे प्रत्येक वाक्य वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा सय्यद अली तबातबाई, 'बुऱ्हान-इ-मआसिर'चा कर्ता. हाही परदेशातून आलेला आणि शिया. त्याने ग्रंथ लिहिला तो जमालखानाला उलथवून गादीवर आलेल्या बुऱ्हाण निजामशहा दुसरा याच्या आश्रयाने. ग्रंथाच्या नावातल्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली, मद्दाचा अलिफ दोन धरला, की हिजरी १००० हे वर्ष निघते. म्हणजे जेत्याच्या दरबारात, जयाची शाई वाळायच्या आत, या लेखनाला सुरुवात झाली.

दोघांचा कल एकाच बाजूला आहे. तरी त्यांचा उपयोग होतो, कारण शत्रू शिव्या देताना वाढवून सांगतो, पण गावांची नावे, सरदारांची नावे, लढायांचा क्रम यांत खोटे बोलण्याचे त्याला सहसा कारण नसते. शिवाय जिथे तो नाइलाजाने समोरच्याचे यश कबूल करतो, ते वाक्य सोन्याच्या मोलाचे. जोडीला उत्तरेकडचे, अकबराच्या दरबारातले दोन लेखक आहेत, अबुल फजल आणि बदायुनी. आणि बुलढाणा जिल्ह्यात एक दगडी मशीद उभी आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

आधी पंथ. जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३ ते १५०५) यांनी, ज्याच्या येण्याची मुसलमान वाट पाहतात तो महदी आपणच, असे जाहीर केले. महदवी परंपरा सांगते, की मक्केच्या प्रवासाला निघताना ते दौलताबाद, अहमदनगर, बीदर, गुलबर्गा असे दख्खन ओलांडून दाभोळ बंदरातून जहाजावर चढले. परतल्यावर गुजरातेत, पाटणजवळच्या बडली गावी, त्यांनी हा दावा ठासून मांडला, हद्दपारी पत्करली आणि आजच्या अफगाणिस्तानातल्या फराह येथे देह ठेवला.

त्यांचे अनुयायी 'दायरा' करून राहत. दायरा म्हणजे पंथीयांची वस्ती. तिथे येणाऱ्याने संसाराची ओढ सोडायची, नामस्मरणात राहायचे, जे मिळेल ते सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे. ठरावीक नेमणूक किंवा वर्षासन स्वीकारणे वर्ज्य. बयाना येथील शेख अलाई आणि त्यांच्या साथीदारांचे वर्णन बदायुनीने केले आहे. रात्री घरात पीठ, मीठ, इतकेच काय पाणीसुद्धा शिल्लक ठेवायचे नाही, भांडी पालथी घालून झोपायचे, उद्याचे उद्या देव पाहील. आणि हीच माणसे कमरेला शस्त्र लावून बाजारातून फिरत. कुठे धर्माविरुद्ध वर्तन दिसले तर आधी समजावत, नाही ऐकले तर बळाने थांबवत. शेख अलाई १५५० मध्ये इस्लामशहा सूरच्या दरबारात फटके खाताना मेले. बदायुनी स्वतः कट्टर सुन्नी, तरी त्यांच्याविषयी लिहिताना त्याचा स्वर मऊ होतो. विरोधी गोटातल्या माणसाची अशी साक्ष मी फरिश्त्याच्या दहा शिव्यांपेक्षा वजनदार मानतो.

पालथी भांडी आणि कमरेची तलवार. या पंथाच्या दोन्ही बाजू इथे एकत्र दिसतात. जमालखानाच्या राज्याची ताकद दुसरीत होती आणि पेच पहिलीत.

निजामशाहीला महदवी नवे नव्हते. पहिला बुऱ्हाण निजामशहा त्यांच्याकडे ओढला गेला होता. मग शाह ताहिर आला आणि १५३७ मध्ये त्याच्या प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ राज्याचा म्हणून स्वीकारला. हा शाह ताहिर कोण? इराणातून जीव वाचवून पळालेला, निजारी इस्माइलींच्या एका शाखेचा इमाम. अहमदनगरात बारा इमामांचा खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातले त्यांच्या नावाचे प्रवचन, सुरू करणारा माणूस स्वतः एका छुप्या पंथाचा वारस होता. पुढे जमालखानाने ज्या 'प्रस्थापित' मताला हटवले, त्याचा पायाही असा होता, हे विसरले की १५८९ ची घटना आभाळातून पडल्यासारखी वाटते.

घटना अशी घडली. १५८८ मध्ये मीरान हुसेनने आपला बाप मुर्तजा निजामशहा याला हमामखान्यात कोंडून मारले आणि गादी घेतली. ती त्याला दहा महिनेच लाभली. मिर्झाखान या परदेशी वजिराने त्याला कैद केले आणि लोहगडावर ठेवलेल्या दोन राजपुत्रांना, इब्राहीम आणि इस्माईल या भावांना, आणवून धाकट्या इस्माईलला गादीवर बसवायचा घाट घातला. किल्ल्याबाहेर जमालखान दख्खनी आणि हबशी सैनिक घेऊन उभा राहिला. आमचा राजा दाखवा, ही त्याची मागणी. मिर्झाखानाने राजाचे मुंडके कापून दाखवले. जमाव गोठून घरी जाईल, हा त्याचा हिशेब. जमावाने किल्ल्याचा दरवाजा जाळला. मग आफाकींची, म्हणजे इराण-तुराणातून आलेल्यांची, कत्तल सुरू झाली. फरिश्ता म्हणतो ती सात दिवस चालली. मिर्झाखान जुन्नरच्या वाटेवर पकडला गेला आणि हाल करून मारला गेला.

या कत्तलीचे समर्थन होऊ शकत नाही. ती धर्मवेडातून झाली, हा निष्कर्ष मात्र कागद देत नाहीत. दख्खनी विरुद्ध आफाकी हे वैर बहमनी काळापासूनचे. मानमरातब, जहागिरी आणि दरबारातली जागा यांवरून दोन पिढ्यांआड रक्त सांडत आलेले. जमालखानामागे धावलेल्या जमावात महदवी किती आणि नुसते दख्खनी-हबशी किती, याचा अदमास पुढच्या घटनांवरून येतो. संकटाच्या वेळी यातले बरेच सरदार सहज फुटले. पंथासाठी आलेली माणसे अशी फुटत नाहीत.

सत्ता हाती आल्यावर जमालखानाने खुत्ब्यातून बारा इमामांची नावे काढली आणि महदवी मत राज्याचे मत केले. ही बातमी पसरताच हिंदुस्थानभरचे महदवी अहमदनगरकडे येऊ लागले. चाळीस वर्षे फटक्यांची भीती बाळगून राहिलेल्या माणसांना एका राजधानीत उघडपणे आपला नमाज आपल्या इमामामागे पढता येत होता. त्या दोन वर्षांत त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना शत्रूंच्या पानांतूनही करता येते. फरिश्ता स्वतःच सांगतो, की हे लोक जमालखानासाठी प्राण द्यायला तयार होते.

राज्य चालवणे सोपे नव्हते. जुना वजीर सलाबतखान वऱ्हाडच्या सीमेवर खेरळ्याच्या किल्ल्यात कैदेत होता. वऱ्हाडच्या सरदारांनी त्याला सोडवून जमालखानावर धाडले आणि त्याच वेळी दक्षिणेकडून विजापूरचे सैन्य निघाले. जमालखानाने आधी सलाबतखानाला गाठले आणि पैठणपाशी हरवले. त्या वेळी पैठणात एकनाथ महाराज हयात होते. हिंदू आणि तुर्क यांचा वाद भारुडात घालणाऱ्या या संताच्या गावाशेजारी शिया वजीर आणि महदवी सेनापती यांच्या फौजा भिडल्या. मग जमालखान विजापूरकरांकडे वळला, पंधरा दिवस आमनेसामने बसून राहिला आणि सत्तर हजार होन देऊन तह केला. सलाबतखानालाही त्याने नंतर परत येऊ दिले. थकलेला म्हातारा लवकरच वारला. अहमदनगरजवळच्या डोंगरावर 'चांदबिबीचा महाल' म्हणून लोक ज्या अष्टकोनी इमारतीत चढून जातात, ती याच सलाबतखानाची कबर. दोन आघाड्या, एकीवर लढाई, दुसरीवर पैसा, आणि हरलेल्या शत्रूला अभय. फरिश्त्याने रंगवलेल्या माथेफिरूपेक्षा हा बराच हिशेबी राज्यकर्ता दिसतो.

खरे संकट उत्तरेकडे होते. इस्माईलचा बाप बुऱ्हाण, म्हणजे पुढचा बुऱ्हाण निजामशहा दुसरा, अनेक वर्षे अकबराच्या आश्रयाला होता. मुलगा गादीवर आणि बाप परागंदा, अशी विचित्र स्थिती. अकबराने सैन्य देऊ केले. बुऱ्हाणने ते नाकारले, मोगली फौज पाहून दख्खनी बिथरतील म्हणून. शहाणपणाची गोष्ट केली. खानदेशचा राजा अलीखान त्याच्या पाठीशी आला, विजापूरने दक्षिणेतून चाल केली. जमालखान पुन्हा दोन आघाड्यांत सापडला. या वेळीही त्याने आधी दक्षिणेकडचा शत्रू घेतला. धाराशिवजवळ विजापूरच्या दिलावरखानाचा त्याने साफ पराभव केला आणि शेकडो हत्ती पकडले. विजापूरच्याच आश्रयाने लिहिणारा फरिश्ता हा पराभव लपवत नाही.

बुऱ्हाणशी गाठ पडली ती रोहिणखेडला. धाराशिव ते रोहिणखेड हे अंतर सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरांहून जास्त. ते जमालखानाला वैशाखात कापायचे होते. मागे विजापूरचे मराठे बारगीर रसद तोडत होते. वऱ्हाडात अमजद-उल-मुल्क हा महदवी सुभेदार नेमलेला होता, पण तिथले इतर सरदार बुऱ्हाणला जाऊन मिळाले. बुलढाण्याच्या पठारावरून खाली उतरणारा रोहिणखेडचा घाट शत्रूने आधीच अडवला होता. तेव्हा जमालखान आडवाटेने उतरला. त्या वाटेवर पाणी नव्हते. जिथे पाणी होते तिथे शत्रूचा तळ. शिंदीच्या झाडांपाशी थोडे पाणी सापडले, त्यावर माणसे-जनावरे कशीबशी भागली आणि थकलेले सैन्य तसेच लढाईत उतरले. १३ रज्जब ९९९, म्हणजे ७ मे १५९१. लढाई जमालखानाच्या बाजूने झुकत होती, हे फरिश्त्यानेच लिहिले आहे. तेवढ्यात बंदुकीची एक गोळी त्याच्या कपाळात बसली. फौज उधळली, इस्माईल पकडला गेला, बाप गादीवर बसला. खुत्ब्यात बारा इमाम परत आले आणि महदवींची कत्तल व हकालपट्टी सुरू झाली.

आता ती मशीद. रोहिणखेड आज मोताळा तालुक्यात आहे. तिथली मशीद १५८२ ची, म्हणजे लढाईच्या नऊ वर्षे आधीची. ती बांधणारा खुदावंदखान, वऱ्हाडातला निजामशाही सरदार, ज्याला जुने गॅझेटियर महदवी म्हणते. फत्तेखेर्ड्याची, म्हणजे आजच्या साखरखेर्ड्याची मशीदही त्याचीच. बाप मशहदचा, आई हबशी, असा हा खुदावंदखान पुढे अकबराकडे गेला आणि अबुल फजलच्या बहिणीशी त्याचे लग्न झाले. अबुल फजलचे वडील शेख मुबारक यांच्यावर महदवी असल्याचा आरोप होऊन त्यांना लपतछपत दिवस काढावे लागले होते. म्हणजे महदवी सत्ता ज्या गावी कोसळली, तिथे महदवी सरदाराने बांधलेली मशीद आधीच उभी होती, आणि त्या सरदाराचे सोयरे अकबराच्या अगदी निकट होते.

गोळी चुकली असती तर? हा प्रश्न नुसत्या कल्पनेवर सोडायचा नसेल, तर त्या वर्षीच्या नोंदींना धरूनच विचारायला हवा.

१५९१ च्या ऑगस्टमध्ये अकबराने दख्खनच्या राज्यांकडे वकील पाठवले. खानदेश आणि अहमदनगरसाठी निवडलेला माणूस होता कवी फैजी, अबुल फजलचा थोरला भाऊ. जमालखान जिंकला असता, तर महदवी म्हणून छळलेल्या बापाचा मुलगा महदवी राज्याच्या दरबारात मोगल बादशहाचा वकील म्हणून उभा राहिला असता. त्याच वर्षी, हिजरी ९९९ मध्ये, बदायुनीने 'नजात-उर-रशीद' लिहिले आणि त्यात सय्यद मुहम्मदांचा उल्लेख आदराने केला. आणि १९ ऑक्टोबर १५९१ ला हिजरीचे हजारावे वर्ष लागले. या वर्षाकडे सगळ्या मुसलमानी जगाचे डोळे होते. अकबर एक हजार वर्षांचा इतिहास, 'तारीख-इ-अल्फी', लिहवून घेत होता. हजारावे वर्ष उजाडताना महदी येऊन गेला असे मानणारे एक राज्य दख्खनमध्ये जिवंत असते, तर त्याचे वजन त्याच्या फौजेपेक्षा कितीतरी जास्त ठरले असते. गुजरात, माळवा, बयाना इथले दायरे अहमदनगरकडे पाहत राहिले असते. रोहिणखेडच्या लढाईनंतर साडेपाच महिन्यांच्या आत ते वर्ष लागले.

एवढे मला पुराव्यानिशी म्हणता येते. यापुढे मी थांबतो, कारण पुरावा उलट्या दिशेला बोट दाखवतो. जमालखान जिंकला असता तरी अकबराला दख्खन हवाच होता. वऱ्हाड फितूर होते, खानदेश शत्रू होता, विजापूरशी झालेला तह टिकला नव्हता. आणि आतला पेच त्याहून मोठा. जो पंथ ठरावीक नेमणुकीला हात लावत नाही, त्याने महाल, जहागिरी आणि मोकासे वाटायचे कसे? रात्री भांडी पालथी घालून झोपणाऱ्यांचे राज्य तोफखान्याचा पगार कशातून देणार? इराणात हे आधीच घडले होते. १५०१ मध्ये किशोरवयीन शाह इस्माईलला दैवी पुरुष मानणाऱ्या किजिलबाश टोळ्यांनी राज्य जिंकले, पण राज्य चालवायला सफवींनी लेबनॉनमधल्या जबल आमिलहून शिया कायदेपंडित बोलावले. काही पिढ्यांत त्या टोळ्यांची भक्ती मागे पडली आणि पंडितांचा धर्म राज्याचा झाला. अहमदनगरातही, माझ्या मते, हेच झाले असते. काझी, मुफ्ती आणि वर्षासने घेऊन महदवी मत एक प्रस्थापित मत बनले असते. दायऱ्यातल्या जुन्या माणसांना ते ओळखू आले नसते.

पंथ मेला नाही. गुजरातेत पालनपूरचे लोहाणी नवाब महदवी होते आणि त्यांचे संस्थान विसाव्या शतकापर्यंत टिकले. हैदराबादेतले चंचलगुडा महदवींचे राहिले. निजामाच्या राज्यात मजलिस या मुस्लिम संघटनेचे पुढारीपण करणारे बहादुर यार जंगही याच पंथाचे.

जमालखानाच्या राजकारणाचा दुसरा अर्धा भाग मात्र इथेच, याच मातीत पुन्हा उभा राहिला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाही वंशातला एकजण परांड्याला गादीवर बसवला, दख्खनी आणि हबशी एकत्र बांधले आणि मोगलांना सव्वीस वर्षे झुंजवले. १५९१ मध्ये जमालखानाची रसद ज्यांनी तोडली, तसेच मराठे बारगीर आता अंबरच्या फौजेचा कणा होते. त्याच्यानंतर १६३३ मध्ये शहाजीराजांनी एका लहान मुलाला निजामशहा करून तोच डाव मांडला आणि तीन वर्षे चालवला. महदवी दख्खनी, सुन्नी हबशी, हिंदू मराठा असे हे तीन सर्वाधिकारी. मांडणी तिघांची एकच होती: नावाचा निजामशहा, स्थानिकांची फौज, उत्तरेच्या सत्तेला नकार. अंबरने आणि शहाजींनी राज्याचे मत बदलायचा प्रयत्न केला नाही. जमालखानाने तो केला, म्हणून वऱ्हाडचे सरदार पंथावरून फुटले की सत्तेच्या वाटणीवरून, हा रोहिणखेडच्या बाबतीतला वाद इतिहासकारांना करावा लागतो. अंबरच्या बाबतीत सरदार फुटले तेव्हा, १६१६ च्या रोशनगावच्या लढाईआधी लखुजी जाधवांसारखे मोठे मराठे मोगलांना मिळाले तेव्हा, पंथाचा प्रश्नच नव्हता. तरी ते फुटलेच. जमालखानाच्या पराभवाचे खापर त्याच्या पंथावर फोडणाऱ्याला याचे उत्तर द्यावे लागेल.